कायदा झाला, कागदाचे काय?

नागरिकत्व सुधारणा कायदा संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये संमत केला. नियम निघण्यास ११ मार्च २०२४ उजाडले. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हिंदू बांधवांचा प्रश्न सुटला, असे अनेकांनी मानले. परंतु कायदा आणि निर्वासित यांच्यामध्ये अद्याप कागद उभा आहे.

पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना २०१६ मध्येच अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले होते. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात विचारपूस करायला आप्तही भेटतात. पण एखादे कुटुंब पोटापाण्यासाठी शिरूर वा दौंडच्या बाजारपेठेत येऊन राहिले असेल, तर त्याची वाट कोणी दाखवायची?

मूळ देशाचा पुरावा तुलनेने सोपा. मुदत संपलेले पारपत्र, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, यांतले काहीही चालते. अडते ते ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीच्या आगमनापाशी. गाळा भाड्याचा, करार नोंदवलेला नाही, वीजबिल मालकाच्या नावे! भाडेकरूच्या नावाचा कागदच होऊ द्यायचा नाही, ही घरमालकांची जुनी दक्षता इथे निर्वासिताच्या मुळावर येते. अशा वेळी मुलाचा शाळेचा दाखला, टपाल खात्याचे पासबुक, विमा पॉलिसी शोधावी. स्थानिक लोकप्रतिनिधीचा दाखलाही नियमांत ग्राह्य आहे. नावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे असते, तेही आधीच पडताळावे. निवृत्त शिक्षक किंवा तलाठी हे काम चार संध्याकाळी बसून करू शकेल.

नागरिकत्व मिळेपर्यंत दीर्घ मुदतीचा व्हिसा हाच आधार. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना दिलेले हे व्हिसा केंद्राने कायम ठेवले. पण नूतनीकरण राहून गेलेल्याला ती निश्चिंती कोठून मिळणार? सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्यांवरील कारवाई टळली खरी. ते नागरिकत्व मात्र नव्हे. हा फरक त्या कुटुंबांना स्पष्ट सांगितला पाहिजे.

अर्ज संगणकावर भरायचा, शुल्क पन्नास रुपये. पुढे टपाल अधीक्षकांच्या जिल्हा समितीपुढे मूळ कागदांसह स्वतः उभे राहून निष्ठेची शपथ घ्यावी लागते. संधी देऊनही गैरहजर राहणाऱ्याचा अर्ज नामंजूर होऊ शकतो. दुकान दिवसभर बंद राहिले तरी चालेल, ती तारीख चुकू नये. आणि शक्यतो एखाद्या कार्यकर्त्याने सोबत जावे.