पापणी उलटून पाहा, मगच बाटली उघडा

पोळ्याच्या आसपास भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात, धुऱ्यांवर गवत माजलेलं असतं आणि नेमक्या याच दिवसांत नवख्या शेळीपालकाच्या कोठ्यातलं पहिलं पिल्लू मान टाकतं. आठवड्यापूर्वी उड्या मारणारं चार महिन्यांचं करडू कळपाच्या मागे रेंगाळू लागतं. संध्याकाळी चरून आलं की जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबताना दिसते, रात्रीतून ती ओसरते, म्हणून मालक निश्चिंत होतो. दोन-तीन दिवसांनी ते सकाळी उठतच नाही. हगवण नाही, ताप नाही, खोकला नाही. शेजारी सांगतात, ‘जंत झाले असतील.’

शेजाऱ्याचं निदान बहुधा बरोबर असतं. चूक होते ती त्यानंतर. मेडिकलमधून जंताच्या औषधाची बाटली येते आणि लहान-मोठी, धष्टपुष्ट-मरतुकडी अशा सगळ्याच जनावरांना अंदाजानं एकेक झाकण पाजलं जातं. काहींना औषध कमी पडतं, काहींना गरजच नसते. शिवाय काही पिल्लांचा आजार जंतांचा नसतोच. नव्यानं शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना आज जो सल्ला सर्रास मिळतो, ‘दर तीन महिन्यांनी सगळ्यांना जंतनाशक पाजा’, तो सोपा आहे, पण अपुरा आहे. लांबच्या हिशेबात तर तो नुकसानीचा आहे.

जबड्याखाली सूज आणणाऱ्या मुख्य जंताचं नाव हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. हा शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दहा किलोच्या कोकराच्या अंगात रक्तच असतं जेमतेम सहाशे-सातशे मिलिलिटर. पोटात पाचशे जंत असले तर रोज पंचवीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे. शरीर नवं रक्त बनवतं, पण या वेगाला ते पुरं पडत नाही. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी ऊतींमध्ये झिरपतं आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साचतं. हा जंत हगवण लावत नाही, म्हणून तर तो फसवतो. लेंड्या गोल आणि कोरड्या पडत असतात आणि आत पिल्लू पांढरं पडत चाललेलं असतं.

त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार, ओलसर हवेत अंड्यातून निघालेली अळी आठवडाभरात पोटात जायला तयार होते आणि दवाच्या पाण्याबरोबर गवताच्या पात्यावर चढते. फार उंच जात नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचांतच सापडतात. पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत तीच अळी अंडी घालू लागते. भंडाऱ्याचा पावसाळा या चक्रासाठीच बेतल्यासारखा आहे. हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेचं खोरं, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि त्यांच्या भोवती धान. पेरणीपासून कापणीपर्यंत शेळ्यांना बांधीत शिरता येत नाही, त्यामुळे त्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, तलावाच्या पाळीवर चरतात. त्याच त्या अरुंद पट्ट्यावर लेंड्या पडतात आणि तेच गवत दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं जातं. जिल्ह्यात मेंढ्या थोड्या, शेळ्या जास्त, पण पिल्लांच्या बाबतीत दोघींची गत सारखी. थोडा फरक वाढत्या वयात पडतो. मेंढीच्या अंगात जंतांविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती तयार होते, शेळीच्या अंगात ती कमीच राहते. शेळी मुळात झुडपांचा पाला ओरबाडणारा प्राणी. बोर, बाभूळ, सुबाभूळ अशा उंचावरच्या पाल्यावर अळ्या नसतात. तिला दोन इंचांच्या गवतावर चरायला लावलं, की निसर्गानं दिलेलं संरक्षण आपणच काढून घेतो.

नवख्या माणसानं सगळ्यात आधी शिकायला हवं ते औषधांचं नाव नव्हे, तर पिल्लाचं वय मोजणं. दहा दिवसांच्या करडाला हगवण लागली तर त्याला जंतनाशक पाजण्यात काही अर्थ नाही. ते अजून धड चरतही नसतं. तिथं प्रश्न बहुतेक वेळा चिकाचा असतो. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पोटात चीक गेला का, पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका मिळाला का, नाळेला आयोडीन लावलं का, हे विचारायला हवं. शेळी-मेंढीच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातूनच येतात आणि आतड्याचं ते दार चोवीस तासांच्या आसपास बंद होतं. ‘चीक बाधतो’ म्हणून तो पिळून फेकण्याची पद्धत कुठे असेल, तर ती पहिल्याच दिवशी पिल्लाला निःशस्त्र करते.

तीन आठवडे ते चार-पाच महिने या वयातली पातळ, घाण वासाची, कधी रक्ताचे धागे असलेली हगवण बहुधा कॉक्सिडियाची असते. हा जंत नाही, एकपेशीय जीव आहे. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन यांतलं काहीही त्याच्यावर चालत नाही. त्याला अँप्रोलियम किंवा सल्फा गटातली औषधं लागतात, आणि त्याहून जास्त गरज असते ती कोरड्या जमिनीची. ओल्या कोठ्यात, दाटीवाटीनं, मोठ्या जनावरांच्या पायांशी बांधलेल्या पिल्लांना तो हमखास गाठतो. नवखे पालक इथं दोनदा-तीनदा जंतनाशक बदलून पाहतात, दरम्यान पिल्लाच्या अंगातलं पाणी संपतं. मीठ-साखरेचं पाणी वेळेत पाजलं असतं तर त्यातली काही तरी वाचली असती.

मग येते लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसण्याची भीती. हे पट्टकृमीचे मणके. डोळ्यांना दिसतात म्हणून माणूस घाबरतो आणि धावत दवाखाना गाठतो. प्रत्यक्षात दिसणारा हा जंत बहुतेक वेळा कमी त्रासाचा असतो, आणि जो मारतो तो हिमॉन्कस लेंडीत कधी दिसतच नाही.

धानपट्ट्याला आणखी एक स्वतंत्र दुखणं आहे, यकृतातल्या चपट्या कृमींचं, म्हणजे लिव्हर फ्लूकचं. या कृमीचं अर्धं आयुष्य पाण्यातल्या गोगलगायीत जातं. बांधी, कालवा, तलावाचा काठ, जिथे गोगलगाय तिथे हा. धान कापल्यावर जनावरं बांध्यांत सोडली जातात आणि तलावाचं पाणी हटेल तसतशी उघड्या पडलेल्या हिरव्या काठावर चरतात. धोका तेव्हा वाढतो. याचीही खूण तीच, पांढरी पापणी आणि जबड्याखाली सूज. पण आयव्हरमेक्टिन यकृतकृमीला मारत नाही, फेनबेंडाझोलही नेहमीच्या मात्रेत उपयोगाचं नाही. ट्रायक्लाबेंडाझोल किंवा ऑक्सिक्लोझानाइडसारखं वेगळं औषध लागतं. दुकानात ‘जंताचं औषध द्या’ एवढंच सांगणाऱ्याला हे कळणार कुठून?

सरसकट औषधाचा दुसरा तोटा लगेच दिसत नाही. थायाबेंडाझोल हे त्या काळचं चमत्कारी औषध १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये आलं, त्यामागच्या संशोधनासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण ते दशक संपायच्या आतच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांमध्ये त्याला दाद न देणारे जंत सापडले होते. भारतातही शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांत हा प्रकार नोंदला गेला आहे. कारण सरळ आहे. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजलं, की त्यातून वाचतात ते फक्त चिवट जंत, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. कळपातली काही निरोगी जनावरं औषधाविना ठेवली, तर त्यांच्या पोटातले साधे जंत कुरणावर अंडी टाकत राहतात आणि चिवटांची संख्या त्या गर्दीत मर्यादेत राहते. अर्ध्या मात्रेचं औषध म्हणजे तर चिवट जंतांची शाळाच. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, त्यामुळे मेंढीच्या हिशेबानं दिलेली मात्रा शेळीला अनेकदा अपुरी ठरते. किती वाढवायची हे मात्र पशुवैद्यकानंच ठरवावं. लेव्हामिसोलसारख्या औषधात पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर फार थोडं आहे, आणि अल्बेंडाझोल गाभण्या शेळीला पहिल्या महिन्यात देणं गर्भाला घातक ठरू शकतं.

यावर उपाय दक्षिण आफ्रिकेतच निघाला. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून ‘फमाचा’ म्हणून ओळखला जाणारा एक रंगतक्ता १९९०च्या दशकात तयार झाला. जनावराची खालची पापणी उलटायची आणि आतला रंग तक्त्यावरच्या पाच छटांशी ताडायचा. लालभडक म्हणजे एक, पांढराफटक म्हणजे पाच. चार-पाचला औषध द्यायचंच, लहान पिल्लू किंवा शेळी असेल तर तीनलाही. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे तपासायचं. हे काम दिवसाच्या उजेडात करायचं, कोठ्याच्या अंधारात नाही. तक्ता काही सर्वज्ञ नाही. पापणी यकृतकृमीनं, गोचिडांनी, उपासमारीनंही पांढरी पडते. पण निरोगी जनावराला औषध पाजण्याचा मोह तो नक्की आवरतो.

पाच शेळ्यांच्या मालकिणीला ‘दोन शेळ्या औषधाविना ठेव’ असं सांगणं कोरड्या जागेवर उभं राहून पोहायला शिकवण्यासारखं आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. तिच्यासाठी एक शेळी म्हणजे दवाखान्याचा, शाळेच्या फीचा, लग्नाच्या आहेराचा पैसा. पशुवैद्यक एकटा आणि गावं अनेक, अशा स्थितीत ठरावीक वेळापत्रक लक्षात ठेवायला बरं, हेही खरं. वेळापत्रकातल्या काही गोष्टी टिकवायलाच हव्यात. विण्याच्या सुमारास शेळीची प्रतिकारशक्ती उतरते आणि तिच्या लेंडीतून अंड्यांचा लोंढा सुरू होतो, त्या वेळी तिला औषध देणं म्हणजे पिल्लाचं कुरण राखणं. यकृतकृमीचं औषधही हंगाम बघूनच द्यावं लागतं. पण कोणती जनावरं, कोणतं औषध आणि किती वजनाला, हे तीन प्रश्न वेळापत्रक विचारतच नाही. गरिबाला चुकीची बाटली परवडते असा तर याचा अर्थ होत नाही.

लसीकरणाची गोष्ट वेगळी, तिथं सरसकटपणाच हवा. पीपीआर हा विषाणूजन्य आजार भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया, असा तो पिल्लांचा कळपच्या कळप साफ करतो. त्यावरची लस चांगली आहे, तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा दिली की काही वर्षं पुरते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस हवी. नवं कोवळं गवत मिळालं की तगडं, चांगलं खाणारं पिल्लूच अचानक मरतं, ते बहुधा याच आजारानं. आठवडी बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधावं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि जागा नाही म्हणून कुणी करत नाही.

बाटलीनं औषध पाजतानाही पिल्लं मरतात, याबद्दल फारसं बोललं जात नाही. डोकं आकाशाकडे करून भरभर ओतलेलं औषध श्वासनलिकेत जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. तोंड जमिनीला समांतर ठेवून, गालाच्या कोपऱ्यातून, सुई काढलेल्या सिरिंजनं, जिभेच्या मुळाशी थोडं थोडं सोडावं.

राज्य सरकारच्या नावीन्यपूर्ण योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात तर शंभर शेळ्यांपासून पाचशेपर्यंतच्या प्रकल्पाला निम्मं भांडवली अनुदान आहे. शेळ्या येतात, विमा उतरतो. त्यासोबत एक टांगता वजनकाटा, एक रंगतक्ता आणि पहिल्या पावसाळ्यात दोनदा लेंडी तपासणी, एवढं अनिवार्य करायला काय हरकत आहे? तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टरची काचपट्टी आणि मिठाचं दाट पाणी यांवर एका ग्रॅममध्ये किती अंडी हे मोजता येतं. यकृतकृमीची अंडी जड असल्यानं त्यासाठी गाळ बसवून पाहण्याची वेगळी पद्धत वापरावी लागते, तीही साधीच. औषध दिल्याच्या दिवशी एक नमुना आणि दहा ते चौदा दिवसांनी दुसरा घेतला, तर औषध चाललं की नाही हे आकड्यांत कळतं. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील, तर त्या गावात ते औषध मोडीत निघायला लागलं आहे असं समजायचं. गाव-तलावनिहाय अशी नोंद ठेवली, तर लाखांदूर किंवा पवनीच्या पशुवैद्यकाला पुढच्या वर्षी कोणती बाटली मागवायची हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

नमुना मात्र थेट जनावराच्या गुदद्वारातून किंवा नुकत्याच पडलेल्या लेंडीचा, झाकणाच्या डबीत, जनावराचा क्रमांक आणि वय लिहून, त्याच सकाळी दवाखान्यात पोचवावा. दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या डबीत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि मोजणी चुकते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पथक आलं की औषध मागण्याआधी त्यांच्यासमोर दोन पिल्लांच्या पापण्या उलटून दाखवायला सांगाव्यात.