मीठ घातले म्हणजे समुद्र होत नाही



आपल्या पांढुर्णा-सौसरकडे काही घरांत गोड्या पाण्याचे मासे पाळण्याची हौस आहे. आता मुले समुद्रातील रंगीत मासे आणि प्रवाळही मागू लागली आहेत. शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असावे काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी आमच्यापुढे ठेवला आहे. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला पाणी तयार करता येते आणि सांभाळता येते, त्यानेच मासा आणावा. आधी पाणी, मग जीव.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडले, तेव्हा समोरच समुद्र होता. आपल्यासमोर जाम नदी आहे. आपल्याला समुद्र ड्रममध्येच तयार करावा लागेल.

पुष्कळांना वाटते की पाण्यात खडे मीठ टाकले की काम झाले. तसे नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग आपले मीठ तयार होते, आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे बाजारचे मीठ समुद्रातून आलेले असले तरी त्यातून समुद्र परत होत नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभर फिरून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतील ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले की खारेपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचे आपसातील प्रमाण जवळजवळ सारखेच असते. मत्स्यालयासाठी मिळणारे तयार क्षारमिश्रण याच नियमावर बनते. तेच वापरावे.

आता कृती. पाणी आर.ओ.चे घ्यावे. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन. भांडे प्लॅस्टिकचे, अन्नासाठी चालणारे असावे. तांब्याच्या भांड्यातील पाणी आपण शुद्ध मानतो, पण पाण्यात उतरलेले तांबे कोळंबी आणि प्रवाळ यांना विष आहे. पाणी सुमारे २५ अंश सेल्सियसवर ठेवावे, छोटा नवा पंप लावून फिरते करावे आणि मग त्यात क्षार थोडे थोडे टाकावेत. क्षारांवर पाणी ओतू नये. तसे केले तर तळाशी द्रावण फार दाट होते, कॅल्शियम कार्बोनेट वेगळे पडते, पाणी दुधाळ दिसते आणि तो साका सहज विरघळत नाही. एक दिवस पाणी फिरू द्यावे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६, हे माप हायड्रोमीटरने तपासावे. अंदाजपंचे काम करू नये.

खरी परीक्षा यापुढे आहे. आपल्या उन्हाळ्यात पाणी लवकर उडते, क्षार मात्र टाकीतच राहतात. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी उडाले आणि कोणी खारे पाणीच भरले, तर दर वेळी १७५ ग्रॅम क्षार वाढतात. असे चार वेळा झाले की लिटरमागे ३५ चे ४२ ग्रॅम होतात. मासा काही बोलत नाही, तो मरतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चे गोडे पाणीच भरावे. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायलाही काही आठवडे लागतात.

प्रवाळाबाबत तर शाळेचा साफ नकार आहे. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानदार देतो म्हणून ते घेणे योग्य ठरत नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ पाहायचे तर सहलीने तिथे जाऊन पाहावेत.

कोणी म्हणेल, एवढी कडक अट घातली तर मुलांचा उत्साह मावळेल. आम्हाला तसे वाटत नाही. वजन करणे, घनता मोजणे, बाष्पीभवनाची नोंद ठेवणे हे सर्व अभ्यासक्रमातलेच आहे. म्हणून आमची सूचना अशी की विद्यार्थ्यांनी प्रथम मासा नसलेली टाकी दोन महिने चालवावी आणि तापमान व घनता रोज वहीत लिहावी. सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हेही आधीच ठरवावे. दोन महिन्यांत एकही दिवस कोरा राहिला नाही, तर मासे आणण्याचा विचार शाळा आनंदाने करील. वही कोरी राहिली तर नुकसान केवळ थोड्या क्षारांचे होईल, कोणा जिवाचे नाही.

पालकांनीही घरी हाच नियम ठेवावा, ही नम्र विनंती.