लयकारिकांस आत्मघातकी कां म्हणावें?

प्राणिपेशींतील लयकारिकांचा, म्हणजे लायसोसोमांचा धडा आला, कीं 'आत्मघाती पिशव्या' हे दोन शब्द मुलें तोंडपाठ करितात व उत्तर पुरें झालें असें समजतात. आमच्या मतें हें नांव त्या बिचाऱ्या पिशव्यांवर अन्याय करणारें आहे.

१९५५ सालीं बेल्जममधील क्रिस्तियान द द्यूव यांनीं त्यांचें नामकरण केलें. तत्पूर्वीं उंदराच्या यकृताच्या ताज्या रसांत एका विकराची क्रिया त्यांस फारच मंद आढळली होती. तोच रस कांहीं दिवस शीतपेटींत राहिल्यावर ती कित्येक पटींनीं वाढली! विकर पातळ पडद्याआड कोंडलेलें होतें. हा पडदाच विचार करण्याजोगा. आंत सुमारें ५० प्रकारचीं विकरें आम्लद्रवांत काम करितात. एखादी पिशवी फुटलीच, तरी बाहेरील पेशीद्रव जवळजवळ उदासीन असल्यानें त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे आत्मघात टाळण्याचीच दुहेरी तजवीज!

पांढऱ्या पेशींनीं गिळलेले जंतु व पेशीचे जीर्ण भाग जिरविणें, हें त्यांचें नित्यकर्म. त्यांतून सुटलेलीं अमिनो आम्लें पुनः उपयोगीं पडतात. जुन्या घराचें सागवान नव्यास लावणाऱ्या गृहस्थास हें निराळें सांगावयास नको. टे-सॅक्स रोगांत असलें एकच विकर निकामी असतें. मज्जापेशींत मेद सांचत जातो व मूल बहुधा बालपणींच दगावतें. येथें घात होतो तो पिशवीचें काम थांबल्यानें.

परीक्षकांनीं नांवाबरोबर पडद्यावरही एक प्रश्न घालावा, अशी आमची सूचना आहे.