दहाची मोड म्हणजे नफा नव्हे

एखाद्या बँकेने समभागांचे विभाजन जाहीर केले की बोरिवली-अंधेरीच्या सकाळच्या लोकलमध्ये चर्चेला विषय मिळतो. ज्याच्याजवळ शंभर समभाग होते त्याच्याजवळ आता पाचशे होणार, या कल्पनेनेच कारकून आणि शिक्षक सारखेच हरखून जातात. वस्तुतः दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका समभागाचे दोन रुपयांचे पाच समभाग करणे म्हणजे दहाच्या नोटेची मोड घेणे होय. मोड घेतल्याने खिसा जड होतो, माणूस श्रीमंत होत नाही. बँकेचे भांडवल तेवढेच राहते, गंगाजळी तेवढीच राहते आणि थकलेली कर्जेही तेवढीच. बाजारभाव त्याच प्रमाणात खाली येतो. लहान गुंतवणूकदाराला समभाग घेणे-विकणे सोपे होते, एवढेच या उपायाचे पुण्य.

असे असूनही, दीर्घ मुदतीच्या भागधारकाचा हिशेब विभाजन लक्षात घेतल्याशिवाय लागत नाही. सांगली बँकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९१६ साली स्थापन झालेली ही बँक एप्रिल २००७ मध्ये आय. सी. आय. सी. आय. बँकेत विलीन झाली. सांगली बँकेच्या ९२५ समभागांमागे नव्या बँकेचे १०० समभाग असे प्रमाण ठरले. डिसेंबर २०१४ मध्ये दहा रुपयांच्या समभागाचे दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे शंभराचे पाचशे. २०१७ साली दहांमागे एक बक्षीस समभाग मिळाला, म्हणजे पाचशेचे साडेपाचशे. २०२५ च्या मध्यास भाव चौदाशे रुपयांच्या आसपास होता. सांगलीकडून मुंबईस येऊन मुलुंडला वा घाटकोपरला स्थायिक झालेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने ते ९२५ समभाग तसेच जपले असतील, तर त्यांचे मोल तेव्हा साडेसात लाखांच्या वर गेले होते.

हे मोल विभाजनाने निर्माण केले काय? मुळीच नाही. विभाजनानंतर सव्वा वर्षाच्या आत, २०१६ च्या आरंभी, त्याच समभागाचा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. पोलाद, वीज आणि पायाभूत उद्योगांना दिलेली मोठी कर्जे थकली होती आणि २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने घेतलेल्या झडतीमुळे ती झाकून ठेवणे कोणत्याच बँकेस शक्य राहिले नव्हते. पुढे वसुली सुधारली, सामान्य ग्राहकांना दिलेल्या कर्जांचा वाटा वाढला, नफा वाढला. तेव्हा कुठे भाव चढला. येस बँकेने तर सप्टेंबर २०१७ मध्ये एकाचे पाच समभाग केले आणि मार्च २०२० मध्ये त्याच बँकेच्या ठेवी काढण्यावर निर्बंध आले.

सांगली बँकेच्या शेजारचीच गोष्ट साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेची. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या या बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि ऑक्टोबरमध्ये ती आय. डी. बी. आय.मध्ये विलीन झाली. तिच्या भागधारकांना नव्या बँकेचे समभाग मिळाले नाहीत. दर समभागामागे २८ रुपये रोख हाती ठेवून त्यांना निरोप देण्यात आला. दोन्ही बँकांची प्रकृती सारखी नव्हती, म्हणून आकड्याशी आकडा भिडवणे योग्य ठरणार नाही. शिवाय, रोखीऐवजी समभाग मिळाले असते तर सातारकरांचे भाग्य उजळलेच असते, असेही नाही. आय. डी. बी. आय.चा समभाग २०२५ च्या मध्यास शंभर रुपयांच्या आसपासच होता. म्हणजे आपली लहान बँक कोणाच्या ओटीत पडली, यावरही भागधारकाचे नशीब ठरले. तो निर्णय घेताना त्याला कोणी विचारले नव्हते.

उपनगरांतील बहुसंख्य मराठी कुटुंबांचा बँकेच्या समभागाशी संबंध येतो तो मात्र सहकारी बँकेमार्फत, आणि तोही बहुधा कर्ज घेताना. कर्जाच्या रकमेतून ठरावीक टक्के भागभांडवल म्हणून कापून घेतले जाते आणि कर्जदार सभासद होतो. या समभागाचे विभाजन होत नाही, त्याचा भाव बाजारात फुटत नाही, आणि परत मिळालाच तर सामान्यतः दर्शनी किमतीला. राज्याच्या सहकार कायद्याने लाभांशालाही पंधरा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. वर जाण्याची वाट अशी बंद, खाली जाण्याची मात्र मोकळी! भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवीदारांना वर्षानुवर्षांचे हप्ते तरी मिळाले. भागधारकांचे भांडवल मात्र पुसले गेले. एकाच बांधकाम समूहाला बेसुमार कर्ज देणाऱ्यांना वार्षिक सभेत वेळीच जाब विचारण्याचा अधिकार त्याच भागधारकांना होता. परंतु अशा सभेला सभासद जातो तो अहवाल वाचून नव्हे.

विभाजनाची आणखी एक बाजू क्वचितच बोलली जाते. कागदी प्रमाणपत्रांच्या काळात समभाग घेतलेला माणूस दादर-गिरगावची चाळ सोडून बोरिवलीला गेला, पत्ता कळवायचा राहिला. पुढे बँक विलीन झाली, समभागांची मोड झाली, आणि नवी प्रमाणपत्रे, लाभांशाचे धनादेश जुन्या पत्त्यावर जात राहिले. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे हस्तांतरण बंद झाले आहे. लाभांश सलग सात वर्षे उचलला गेला नाही, तर मूळ समभागही २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मिळवता येतात, पण वारसाने मृत्यूचा दाखला, वारसाहक्काची कागदपत्रे आणि डीमॅट खाते घेऊन आधी कंपनीकडे व मग निधीकडे अर्ज करावा लागतो. वडिलांच्या कपाटात सांगली बँकेचे नाव असलेला पिवळा पडलेला कागद सापडला, तर ती बँक आता उरली नाही म्हणून तो रद्दीत टाकण्याचे कारण नाही.