मूलपेशीच्या चित्रातला बाण



गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलाचे वडील भेटायला आले होते. मुलाच्या अभ्यासाचं बोलणं झालं आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेलं एक रंगीत पत्रक काढलं. त्यांच्या धाकट्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. पत्रकात मूलपेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात होती, खर्च काही लाखांत. मधोमध चित्र: एक गोल पेशी, तिच्यापासून निघालेले बाण, आणि बाणांच्या टोकाला चेतापेशी, हृदयाची पेशी, रक्तपेशी. ते म्हणाले, "मॅडम, पोराच्या वहीतपण हेच चित्र आहे. तुम्हीच फळ्यावर काढलं होतं ना?"

काढलं होतं. 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हा धडा शिकवताना आपण सगळेच काढतो. "मूलपेशीपासून शरीरातली कोणतीही पेशी तयार होऊ शकते" हे वाक्य सांगतो, मुलं पाठ करतात, गुण मिळतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रात आपण पेशी शिकवतो आणि बाण तसाच सोडून देतो. खरा धडा त्या बाणात आहे.

एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, "पेशीला कसं कळतं काय व्हायचं ते?" मीही बरीच वर्षं "जनुकं ठरवतात" असं सांगून मोकळी होत असे. पण जनुकं तर कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत तीच असतात! त्यातली कोणती चालू आणि कोणती बंद, हे पेशीला बाहेरून मिळणाऱ्या रासायनिक निरोपांवर फार अवलंबून असतं. बाण म्हणजे हे निरोप.

भ्रूणीय मूलपेशी येतात पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या आतल्या भागातून. शरीरात ही अवस्था थोडेच दिवस टिकते. प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षं टिकवता येते, पण आपोआप नाही. उंदराच्या अशा पेशी 1981 मध्ये वाढवता आल्या. पुढे समजलं की एलआयएफ नावाचं प्रथिन दिलं की त्या मूलपेशीच राहतात. माणसाच्या पेशींसाठी मात्र 1998 उजाडलं. ते काम अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी केलं. उंदराची कृती इथे चालेना. नुसत्या एलआयएफवर माणसाच्या पेशी मूलपेशी राहत नव्हत्या. त्यांना उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवावं लागलं. माणसाच्या पेशींना खरे लागणारे दोन निरोप नंतर सापडले: एफजीएफ-2 आणि अ‍ॅक्टिव्हिन.

अ‍ॅक्टिव्हिनचा निरोप आत कसा पोचतो ते बघण्यासारखं आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला ते चिकटतं. मग आतली स्मॅड नावाची प्रथिनं केंद्रकात जातात आणि नॅनॉग या जनुकाला चालू ठेवतात. नॅनॉग, ऑक्ट-4 आणि सॉक्स-2 ही मंडळी मिळून पेशीला मूलपेशी ठेवतात. निरोप थांबला की थोड्याच दिवसांत हा कारभार मोडतो. म्हणजे मूलपेशी असणं हासुद्धा कायमचा गुण नाही, ती सतत सांभाळावी लागणारी अवस्था आहे.

आता खरी गंमत. बीएमपी-4 नावाचा निरोप उंदराच्या मूलपेशींना एलआयएफबरोबर दिला, तर त्या मूलपेशीच राहतात. तोच माणसाच्या मूलपेशींना दिला, तर त्या वारेच्या पेशींसारख्या होऊ लागतात. शाळेच्या घंटेसारखंच आहे हे. सकाळी वाजली तर पोरं प्रार्थनेला रांगेत येतात, संध्याकाळी वाजली तर दप्तर घेऊन पळतात. घंटा तीच. 2007 मध्ये तर असं दिसलं की उंदराच्याच जरा पुढच्या दिवसांच्या भ्रूणातून घेतलेल्या पेशींना माणसाच्या पेशींसारखेच अ‍ॅक्टिव्हिन आणि एफजीएफ लागतात. म्हणजे फरक नुसता उंदीर आणि माणूस असा नव्हता, पेशी कोणत्या टप्प्यावर आहे याचाही होता.

शिवाय प्रमाण. थोडं अ‍ॅक्टिव्हिन एफजीएफ-2 च्या सोबतीने दिलं की पेशी आहे तशी राहते. तेच भरपूर दिलं की ती यकृत आणि स्वादुपिंडाच्या वाटेला लागते. आणि अ‍ॅक्टिव्हिन व बीएमपी या दोन्हींचे निरोप अडवले तर? पेशी चेतापेशींच्या वाटेने जाते! कुणी काही न सांगणं, हाही एक निरोपच.

हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या मुलाला आणि मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मूलपेशींपासून बनवायच्या, या ध्यासाने ते वीसहून अधिक वर्षं झटले. 2014 मध्ये त्यांच्या गटाला त्या मोठ्या संख्येने बनवता आल्या. कृती आठवड्यांची, निरोप टप्प्याटप्प्याने बदलत जाणारे. एक बाण काढायला आपल्याला फळ्यावर दोन सेकंद लागतात.

हे सगळं परदेशातच चालतं असं मुलांना वाटू देऊ नका. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तिथे मानवी भ्रूणीय मूलपेशींचे काइंड-1 आणि काइंड-2 हे दोन वंश तयार झाले, तेही उंदराच्या नव्हे, मानवी पेशींच्या थरावर.

"पोर्शन संपत नाही, यात हे कुठे बसवू?" असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. प्रथिनांची नावं मुलांना देऊच नका. फक्त बाण काढा, त्यावर रिकामी जागा सोडा आणि विचारा, इथे काय लिहायचं? कोणता निरोप, किती, कधी? माझ्या वर्गात यावर पंधरा मिनिटं जातात, आणि व्याख्या पाठ करून घ्यायला लागतात त्यापेक्षा ती कमीच आहेत.

त्या वडिलांना मी काय सांगितलं? अशा जाहिरातींतल्या पेशी बहुधा भ्रूणीय नसतातच. त्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून घेतलेल्या असतात, आणि त्यांचा आवाका फारच मर्यादित. भ्रूणीय पेशी तशाच टोचल्या तर काय होतं, हे थॉमसन यांच्याच प्रयोगात आहे: उंदरांमध्ये वेगवेगळ्या ऊतींची सरमिसळ असलेल्या गाठी झाल्या. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसारख्या ठराविक आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं रोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे काहीच करायचं नाही का?" फिजिओथेरपी चालू आहे का, असं मी विचारलं. चालू होती, पण या खर्चाच्या तयारीत दोन महिने बंद पडली होती. ती आधी सुरू करा म्हटलं. आणि पत्रक वापरायचंच असेल, तर त्या लोकांना प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारा, इथे नेमकं काय देणार?

पत्रक ते माझ्या टेबलावरच ठेवून गेले. यंदा धडा सुरू करताना मी तेच वर्गात दाखवणार आहे.