जिनिव्हेची विद्या आणि नगरची अर्धी वाट

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शिक्षणाचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक बाहेरचे: मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या धर्मांतरासाठी, म्हणून त्यांच्या शिक्षणविचाराकडे विचार म्हणून पाहण्याचे कारणच नाही. दुसरे ख्रिस्ती मंडळीतले: आम्ही मुलींच्या शाळा दिल्या, दवाखाने दिले, जिल्ह्यातले पहिले कॉलेज दिले, आता अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, आपण सकाळची प्रार्थना आणि शिस्त सांभाळावी. ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण एक प्रश्न दोन्ही टाळतात. ज्या रिफॉर्म्ड परंपरेतून, म्हणजे जॉन कॅल्विनच्या जिनिव्हेपासून निघालेल्या प्रवाहातून, हे मिशनरी नगरला आले, त्या परंपरेची उच्चविद्येची कल्पना काय होती आणि तिच्यातले नगरच्या पदरात किती पडले? माझे म्हणणे असे की निम्मेच पडले. जे राहून गेले ते परके होते म्हणून राहिले, हेही खरे नाही. आणणाऱ्यांनीच ते अर्ध्या वाटेवर सोडले.

कॅल्विनचे पहिले छापील पुस्तक बायबलवरचे नव्हते. सेनेका या रोमन, ख्रिस्तेतर तत्त्वज्ञाच्या ग्रंथावरचे ते भाष्य होते आणि साल होते १५३२. पुढे १५५९ मध्ये त्याने जिनिव्हेत अकादमी काढली. तिच्या खालच्या वर्गांत मुले लॅटिन आणि ग्रीक व्याकरणात वर्षानुवर्षे घोळवली जात आणि वरच्या वर्गांत हिब्रू, ग्रीक, तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शेजारी शेजारी चालत. पवित्र शास्त्र वाचायचे तर मूळ भाषा हव्यात. भाषा आल्या की युक्तिवाद तपासता यावा. आणि जे तपासले ते भर मंडळीपुढे नीट मांडता यावे, असा तो क्रम होता. व्याकरण, तर्क, वक्तृत्व हे जुन्या युरोपीय शिक्षणाचे त्रिकूट तिथे ईश्वरविद्येच्या हाताखाली आले, पण गडी म्हणून राबायला नव्हे. आणखी एक गोष्ट नगरच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कॅल्विनने आपला मुख्य ग्रंथ १५३६ मध्ये लॅटिनमध्ये काढला आणि १५४१ मध्ये स्वतःच फ्रेंचमध्ये आणला. विद्वत्ता एका भाषेत आणि लोक दुसऱ्या भाषेत, ही फाळणी त्याने मान्य केली नाही. याच विचाराच्या इंग्रज प्युरिटनांनी १६३६ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड काढले. त्यांच्या काँग्रिगेशनल वारसांनी १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था स्थापली, बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे नगरचे ठाणे उभे राहिले.

सुरुवात दमदार होती. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघू लागले. मिशनरी हेन्री बॅलन्टाइन मराठीत गीते रचत होते आणि सेमिनरीही चालू होती. मग १८५४ साली बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचे म्हणणे वरवरचे नव्हते. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी कचेरीची वाट धरतो, खेड्यातल्या मंडळीकडे पाठ फिरवतो. म्हणून शिक्षण लोकभाषेत द्यावे, एतद्देशीय पाळक तयार करावेत आणि मंडळी स्वतःच्या पायावर उभी करावी, असा त्यांचा आग्रह होता. या धोरणाखाली श्रीलंकेतल्या जाफन्याजवळची बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली आणि मराठी मिशनमध्येही इंग्रजी शिक्षणाला ओहोटी लागली. मंडळीच्या स्वावलंबनाचा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता आणि मराठीचा आग्रह तर शंभर टक्के बरोबर होता. चूक पुढच्या पायरीवर झाली. मराठीतून शिकवायचे म्हणजे थोडे शिकवायचे, हे गृहीतक कुणी न उच्चारताच मान्य झाले. लोकभाषेला वाचन, लेखन, बायबलचे पाठ आणि प्रवचनापुरते साहित्य मिळाले. तर्क, तत्त्वज्ञान, मूळ भाषा आणि अभिजात ग्रंथ इंग्रजीबरोबरच गेले. कॅल्विनने फ्रेंचवर जो विश्वास टाकला तो बोर्डाने मराठीवर टाकला नाही.

हे मागाहून सुचलेले शहाणपण वाटेल, म्हणून त्याच काळातले, त्याच परंपरेतले दुसरे उदाहरण पाहावे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन प्रेसबिटेरियन होते, म्हणजे कॅल्विनच्याच घराण्यातले. १८२९ मध्ये ते मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी काढलेली इंग्रजी शाळा वाढत वाढत विल्सन कॉलेज झाली. स्कॉटिश मिशनच्याच स्टीफन हिस्लॉप यांच्या नागपूरच्या कामातून १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. नगरला कॉलेज निघायला १९४७ साल उजाडावे लागले. अँडरसनच्या भेटीपासून मोजले तर नव्वद वर्षांहून जास्त काळ गेला. याला उत्तर दिले जाते की स्कॉटिश लोकांना बुद्धिमान पदवीधर मिळाले, पण मंडळ्या अमेरिकनांच्या वाढल्या. महारवाड्यांपर्यंत पोचले ते नगरचे लोक. हे उत्तर खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्या मंडळीत शतकानुशतके विद्येपासून तोडलेली माणसे आली, तिलाच सखोल विद्येची गरज सर्वांत जास्त होती, आणि नेमकी तिलाच सांगितले गेले की तुम्हाला एवढे पुरे. स्कॉटिश वाटही निर्दोष नव्हती. तिच्यात मराठी मागे पडली. तरी विल्सन स्वतः मराठीला कमी लेखणारे नव्हते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठीच्या घटकांवर त्यांचे टिपण जोडलेले आहे. १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. त्या वादातली विल्सन यांची भाषा आज कुणालाही बोचेल. पण प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचल्याशिवाय खंडन करता येत नाही, ही शिस्त त्या वादात होती, आणि ती खास जिनिव्हेची शिस्त आहे.

नगरच्या तोट्याचा सर्वांत बोलका पुरावा कवी नारायण वामन टिळक हेच आहेत. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, तिथल्या ईश्वरविद्येच्या सेमिनरीत त्यांनी शिकवले, ‘ज्ञानोदय’ला मराठीचा कस दिला, आणि बालकवी त्यांच्याच घरी राहिले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे नाव काढले की लोक टिळकांकडे बोट दाखवतात आणि नगरच्या मिशनला त्याचे श्रेय देऊन मोकळे होतात. पण टिळकांची विद्या मिशनने दिलेली नव्हती. संस्कृत, काव्यशास्त्र आणि संतवाङ्मय यांची पुंजी त्यांनी नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्यांपाशी बसून आधीच कमावली होती. मंडळीने ती आनंदाने वापरली, पण तशी पुंजी ज्यात तयार होईल असा कारखाना काढला नाही. दुसऱ्याच्या आडातून पोहरा भरून आणायचा आणि आपल्या वाड्यात विहीर खणायची नाही, असा तो व्यवहार झाला. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या तोडीचा दुसरा कवी नगरच्या सेमिनरीतून आला नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आता धर्मांतराचा आक्षेप. मिशनऱ्यांना माणसे ख्रिस्ती व्हावीत असे वाटत होते, त्यांनी ते कधी लपवले नाही आणि आपणही झाकू नये. पण हेतू सांगितला की शिक्षणाची परीक्षा संपत नाही. फळ पाहावे लागते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. फरारबाईंच्या नगरच्या शाळा पाहूनच मुलींच्या शाळेची प्रेरणा त्यांना मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. दोघांपैकी कुणी ख्रिस्ती झाले नाही. उलट जोतीराव थॉमस पेन वाचत होते, आणि पेन हा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा कडवा टीकाकार. ज्या शाळेतून शिकलेला मुलगा गुरूंच्या श्रद्धेविरुद्धचे पुस्तक उघडतो, त्यातले पटेल ते घेतो आणि स्वतःचा मार्ग काढतो, तिला नुसते जाळे म्हणणे म्हणजे जोतीरावांना मासा ठरवणे आहे. हे शिक्षण माणसाला वाद घालायला शिकवत होते, आणि तो वाद शिकवणाऱ्यांवरही उलटू शकत होता.

जोतीरावांचेच नाव घेऊन याच्या उलट आक्षेपही येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनीच म्हटले होते की सरकार उच्चशिक्षणावर उधळते आणि प्राथमिक शिक्षण उपाशी ठेवते. मग दुष्काळी नगरला ग्रीक-संस्कृतचे सोहळे कशाला? इथल्या पोरांना आयटीआय, नर्सिंग, वाणिज्य हवे. या आक्षेपात जोतीरावांच्या निवेदनाची एकच बाजू घेतली जाते. शेतकऱ्याच्या करातून वरच्या जातींची कॉलेजे पोसली जातात, ही त्यांची तक्रार होती. शूद्रातिशूद्रांच्या मुलांनी प्राथमिकवर थांबावे असे त्यांनी कुठे म्हटले नाही. हाताला काम देणारे शिक्षण मिशनने दिले. सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेसारख्या संस्थांनी किती घरांची चूल पेटती ठेवली हे नगरला सांगायला नको. पण गरिबाला कसब आणि सधनाला विचार, ही वाटणी ज्यांना जातिव्यवस्थेत खटकते, त्यांना ती ख्रिस्ती संस्थेत का खटकू नये? भाषा आणि तर्क यांची तालीम घेतलेला मुलगा तहसील कचेरीत अर्ज लिहितो, ग्रामसभेत बोलतो, पाण्याच्या वाटपावर वाद घालतो. नगरसारख्या जिल्ह्यात, जिथे सहकार, पाणी आणि ऊस यांचे राजकारण शब्दांवर चालते, तिथे वक्तृत्वाला चैन म्हणणे विनोदी आहे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा: अभिजात म्हणजे होमर आणि व्हर्जिल, हा युरोपचा वारसा नगरवर का लादायचा? हा आक्षेप अमेरिकेत गेल्या काही दशकांत फोफावलेल्या ‘क्लासिकल ख्रिश्चन’ शाळा-कॉलेजांना उद्देशून असेल तर मला मान्य आहे. त्यांची पाठ्यपुस्तके उचलून इथे आणणे म्हणजे रूफस अँडरसनपेक्षाही मागे जाणे. पण परंपरेचा गाभा ग्रंथांच्या यादीत नाही, तो वाचण्याच्या रीतीत आहे. कॅल्विनने स्पष्ट म्हटले आहे की ख्रिस्तेतर लेखकांमध्ये सत्य दिसले तर तेही देवाच्या आत्म्याचेच दान मानावे आणि त्याचा तिरस्कार करू नये. हे प्रामाणिकपणे घेतले तर नगरच्या ख्रिस्ती कॉलेजाला पहिला ग्रंथ शोधायला रोमला जावे लागत नाही. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशाला सिद्ध झाली, आणि ती स्वतःच एका शास्त्रग्रंथावरचे लोकभाषेतले भाष्य आहे. ‘भक्तिविजय’कार महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्या महिपतींना इंग्रजीत नेण्याचे मोठे काम कुणी केले? अमेरिकन मराठी मिशनच्याच जस्टिन अॅबट यांनी. म्हणजे रिफॉर्म्ड घराण्यातल्या माणसाने नगर जिल्ह्याचा अभिजात ग्रंथ जगापुढे नेला आणि नगरच्या ख्रिस्ती शिक्षणाने तो आपल्या वर्गाच्या मध्यभागी आणला नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला. त्याच साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नावे बदलायला वेळ लागत नाही, वर्ग बदलायला लागतो.

श्रद्धेच्या पायावर मुक्त विचार उभा राहील का, ही शंका उरते. नगरचेच रॉबर्ट ह्यूम घ्या. १८७४ मध्ये ते नगरला आले, १८७८ मध्ये त्यांनी इथली सेमिनरी उभी केली. १८८६ मध्ये अमेरिकेत रजेवर असताना, ज्यांनी शुभवर्तमान कधी ऐकलेच नाही त्यांचा निवाडा काय होणार या प्रश्नावर त्यांनी उदार मत मांडले, तेव्हा बोर्डाने त्यांना परत पाठवायला हात आखडता घेतला. वाद पेटला आणि अखेर १८८७ मध्ये ते नगरला परतले. या प्रकरणातले बोर्डाचे वागणे शोभणारे नव्हते. पण ह्यूम जिंकले ते श्रद्धा सोडून नव्हे. त्याच परंपरेचे शास्त्र आणि तर्क वापरून त्यांनी आपली बाजू धरली. कोणतेही कॉलेज कशावर तरी विश्वास ठेवूनच चालते. प्लेसमेंटच्या आकड्यावर चालणारेही. आपला पाया उघडपणे सांगणारी संस्था तपासता तरी येते.

राहता राहिला व्यवहार. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढले आणि त्याने सर्व जातिधर्मांच्या मुलांना दार उघडले, हे त्या परंपरेचे ऋण फेडणेच होते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आड येतो, ही सबब ख्रिस्ती उच्चशिक्षणावरच्या १९३१ च्या लिंडसे आयोगापासून ऐकू येते, आणि त्या आयोगाने ख्रिस्ती कॉलेजांना परीक्षांच्या ओझ्याखाली स्वतःचे काम विसरल्याबद्दल टोकले होते. संविधानाचे कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क देते, कलम २८ कुणालाही धार्मिक शिक्षणाची सक्ती होऊ देत नाही. म्हणून हा अभ्यास ऐच्छिकच असला पाहिजे, आणि तो ऐच्छिक असण्यातच त्याची इभ्रत आहे. शिकवणार कोण, असे विचारले जाते. पुण्याचे भांडारकर संस्थेचे आणि डेक्कन कॉलेजचे संस्कृतज्ञ नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत, ग्रीक-हिब्रू जाणणारे ईश्वरविद्येचे अध्यापकही पुण्यात आहेत. पदवीच्या चौकटीबाहेर एका वर्षाचा वर्ग पुरे: ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आणि बायबलमधले रोमकरांस पत्र, दोन्ही मूळ भाषेच्या आधाराने, ओळीओळीने, आणि शेवटी लेखी पेपरऐवजी मराठीत तोंडी वाद, ज्यात परीक्षक दोन्ही बाजूंचे असतील.