कुणाचा रे तू?

कर्जतहून मुरबाडच्या दिशेने निघालेली एसटी कडावला थांबली आणि तिच्यातून एखादा अनोळखी पोरगा उतरला, की नाक्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘कुणाचा रे तू?’ नाव नंतर, शिक्षण-नोकरी तर फारच नंतर. पोराने बापाचे किंवा आज्याचे नाव सांगितले, की विचारणारा मनातल्या मनात दोन पिढ्या मागे जाई, कुठली तरी सोयरिक, बांधाला बांध किंवा जुने भांडण शोधून काढी आणि मगच बाकावर सरकून जागा देई. या प्रश्नात आपुलकी होती तशी चौकशीही होती. जात त्यात न विचारता कळत असे, आणि पोरगा आदिवासी वाडीवरचा निघाला तर बाकावरची जागा तितक्या सहज मोकळी होत नसे, हेही सांगितले पाहिजे.

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन अर्थ वाहतो. मी कोण आहे, ही ओळख. आणि मला कोण कोण जाणते, तीही ओळख. गावात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नसत. आपण कोण हे आपल्याला ओळखणारी माणसेच ठरवत. मोबाइलने काय बदलले याचा विचार करताना आपण बहुधा माणसे जवळ आली की दूर गेली एवढाच हिशेब मांडतो. आमच्या मते मोठी घडामोड निराळी आहे. ओळखीचे हे दोन अर्थ आता एकमेकांपासून सुटू लागले आहेत. मला जाणणारी माणसे एकीकडे आणि मी कोण हे ठरवणारे दुसरीकडे.

दूर गेल्याची तक्रार त्यामानाने हलकी आहे. भोरघाटातून रेल्वे धावू लागली ती १८६३ साली, आणि घाटाच्या पायथ्याशी असलेला हा कर्जत तालुका पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या वाटेवर आहे; माणसे फोनच्या आधीपासूनच दूर जात होती. कडावच्या बाळ दिगंबर गणेशाच्या माघी उत्सवाला ज्यांना येता येत नाही, ते बदलापूर-कल्याण-पनवेलच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर हात जोडतात. यात काय बिघडले? फोनने नाती तोडली असे म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे, की चाळीस वर्षांपूर्वी सासरी गेलेली लेक आईशी वर्षातून किती वेळा बोलत असे, आणि तेही कोणाकोणाच्या देखत. आज ती दुपारी भांडी आवरून दाराशी बसते आणि कोणाची परवानगी न घेता अर्धा तास बोलते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले. त्याचा सर्वांत निर्विवाद फायदा कोणाचा झाला असे विचारले, तर आम्ही या लेकींचे नाव घेऊ.

गुंता पुढे आहे. गावाचा म्हणून जो एक आवाज होता, तो आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात गेला. पाण्याची वेळ, लाइट जाणार असल्याची सूचना, मयताची खबर, ग्रामसभेची तारीख, सगळे तिथेच. पूर्वी यासाठी दवंडी होती. दवंडीवाल्याला ऐकणाऱ्याचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. ज्याला कान आहेत त्याच्यापर्यंत ती पोहोचे, नको असलेल्यापर्यंतसुद्धा. ग्रुपात मात्र कोणीतरी तुम्हाला घ्यावे लागते. म्हणजे गावात असणे आणि गावाच्या यादीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि यादी अॅडमिनच्या हातात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातील एका प्रकरणात म्हटले, की ग्रुपातल्या दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, अॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. त्याच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते. कायद्याच्या नजरेला हे ‘एवढेच’ वाटणे बरोबरच आहे. पण ज्या गावात वाळीत टाकणे म्हणजे काय हे आजही समजावून सांगावे लागत नाही, तिथे घेणे आणि काढणे ही किरकोळ सत्ता नव्हे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथे घरात एकच फोन, तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात, आणि रेंज एखाद्या ठरावीक दगडावर उभे राहिले तर. ग्रामसभेची तारीख ग्रुपात पडली म्हणजे सगळ्यांना कळली, असे धरून चालणारी ग्रामपंचायत या वाड्यांना न सांगताच वगळत असते. कोणाच्या मनात वाईट नसतानाही.

आता याच मुलखाची दुसरी ओळख पाहा; ती इथे राहणाऱ्यांनी केलेलीच नाही. मोबाइलवर ‘कर्जत’ शोधले तर पाऊस, धबधबे, पोहण्याचे तलाव आणि ढगात बुडालेली फार्महाऊसे दिसतात. ज्या ओहोळाला वाडीने पिढ्यान्‌पिढ्या एका नावाने हाक मारली, तो रीलमध्ये ‘सिक्रेट वॉटरफॉल’ होतो, आणि सिक्रेट म्हणून लाखोंना सांगितला जातो. पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते. बुडून मेल्याच्या बातम्या येतात, मग धबधबे-धरणांवर प्रशासनाची बंदी येते आणि रस्त्याकडेला पिठले-भाकरी, भाजलेले कणीस विकणाऱ्या बाईचा ऐन हंगाम बुडतो. तिचे रीलमध्ये नाव नसते, बंदीच्या आदेशातही नसते. ज्यांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधल्या त्यांची गत आणखी मजेशीर. त्यांना आता गावातली पत पुरत नाही; गूगलवरचे तारे लागतात. कोण्या अनोळखी पाहुण्याने आमटी तिखट होती म्हणून दोन तारे कमी दिले, की ज्या घराला पंचक्रोशी तीन पिढ्या ओळखते ते घर नकाशावर खाली सरकते. आमटीत तिखट पूर्वीइतकेच असते, हे वेगळे.

त्यातून एक सूक्ष्म बदल होतो. आपण कसे दिसतो हे ठाऊक झाले, की माणूस तसे दिसू लागतो. ठाकुरांच्या पोरांनी रीलसाठी केलेला नाच आणि लग्नाच्या मांडवातला रात्रभराचा नाच एक नाही. पहिला अर्ध्या मिनिटात संपतो आणि त्यात नाचणाऱ्याचे तोंड कॅमेऱ्याकडे असते. मांडवात ते एकमेकांकडे असे. मात्र या पोरांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आजवर त्यांचे फोटो दुसऱ्यांनीच काढले: सरकारी पुस्तकांसाठी, संस्थांच्या अहवालांसाठी, नाही तर सहलीची आठवण म्हणून. फोन पहिल्यांदाच त्यांच्या हातात आहे.

ओळख सुटी झाली की काय होऊ शकते, याचे भयंकर उदाहरण धुळे जिल्ह्यात घडले. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातील राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप मोबाइलवर फिरत होते. जमावाने पाचही जणांना ठेचून मारले. डवर, म्हणजे हातातले छोटे वाद्य, वाजवत येणारा गोसावी हा महाराष्ट्राच्या गावांना शतकानुशतके ठाऊक असलेला पाहुणा. तो कुणाचा हे कोणाला माहीत नसे, पण तो कोण हे सगळ्यांना माहीत असे. एका फॉरवर्डने ती ओळख पुसून त्या जागी दुसरी चिकटवली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच. पण ती निरोपाचा वेग कमी करते. समोरच्या माणसाला ‘कुणाचा रे तू’ विचारून उत्तर ऐकून घेण्याचा धीर तिच्यात नसतो.

फोनच्या अतिवापरावर काही गावांनी आपापले उपाय शोधले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. आम्हाला भोंगा अधिक पटतो. तो आजोबांनाही लागू आहे, आणि दवंडीसारखा सगळ्यांच्या कानावर पडतो.

त्याच फोनची दुसरी बाजू खालापूर तालुक्याने पाहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीवर रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांनी हातांनी ढिगारा उपसला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. त्या रात्री वाडीच्या शाळेत काही मुले मोबाइलवर खेळत जागी होती, त्यांनी आवाज ऐकून आरडाओरडा केला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ‘रात्री-बेरात्री फोन घेऊन बसतात’ ही तक्रार ज्यांच्याबद्दल आपण रोज करतो, तीच ही मुले. बाकी प्रगत साधनांच्या युगात गाडलेले कोण होते हे सांगायला माणसेच उरली होती: हा अमक्याचा, ही तमक्याची सून.

उरली ती सरकारदरबारची ओळख. कातकरी हा राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. दिवाळीनंतर ही कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, थेट कर्नाटकापर्यंत. पावसाच्या तोंडावर परततात. दरम्यान सिम बदललेले असते, कारण रिचार्ज संपला की जुना नंबर टिकत नाही. आधारला जोडलेला तो जुना नंबर. अर्ज भरायला बसलेल्या बाईला विचारतात, ‘ओटीपी आला का?’ तो कुठे तरी दुसऱ्याच्याच फोनवर गेलेला असतो. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत तर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचाही ओटीपी लागू झाला. ज्या बाईला दोघेही नाहीत तिने कोणाचा आणावा, हा प्रश्न नियम करून झाल्यावर सुचला. गंमत अशी, की हा त्या जुन्या प्रश्नाचाच नवा अवतार आहे: कुणाची ग तू? फक्त आता उत्तर सहा आकडी हवे, आणि दहा मिनिटांच्या आत.

रेशन दुकानात हेच रोज दिसते. विटा थापून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारी अंगठा ठेवते, पुसते, पुन्हा ठेवते. यंत्र नाही म्हणते. मागे रांग थांबलेली. दुकानदार तिला पंचवीस वर्षे ओळखतो. तिचा नवरा कोणत्या भट्टीवर वारला, थोरला पोरगा कुठे असतो, सगळे त्याला ठाऊक. तो तिचे नाव घेऊनच तिला सांगतो, ‘ठमाबाई, दुसरे बोट लाव.’